बैलगाडीचा फोटो आणि इस्रोचं खरं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इस्रो इतक्या कमी पैशांत चंद्र-मंगळ कसे गाठते? हा सगळा देशी जुगाड आहे असं लोक म्हणतात. बैलगाडीवर उपग्रह, सायकलवर रॉकेट असे फोटो फिरत असतात, त्यात खरं किती? सामान्य माणसाला या सगळ्याचा उपयोग काय? भाचा बारावीला आहे, त्याला तिथेच जायचंय, म्हणून विचारतोय."

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी इस्रोचा माणूस नाही. रॉकेट मोटरींची, म्हणजे घन इंधन जिथे जळतं त्या नळकांड्यांची, पोलादी आवरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी २८ वर्षं वेल्डिंगच्या तपासणीत काढली. म्हणजे घरातला नव्हे, पण ओटीपर्यंत रोजचं येणं-जाणं असलेला. इस्रोचे शास्त्रज्ञ रात्री कसली स्वप्नं बघतात ते मला ठाऊक नाही. ते ड्रॉइंगवर काय लिहितात आणि कुठला माल परत पाठवतात, हे मात्र पाठ आहे.

बैलगाडीपासून सुरुवात करू, कारण त्या एका फोटोने जेवढा गैरसमज पसरवलाय तेवढा दुसऱ्या कशाने पसरला नसेल. फोटो १९८१चा, बंगळूरचा. गाडीवर आहे तो 'ॲपल', आपला पहिला भूस्थिर दळणवळण उपग्रह. त्याच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या जागेत घ्यायची होती. ट्रकवर ठेवून घ्यावी, तर खालच्या लोखंडी सांगाड्यामुळे मोजमाप बिघडायचं. उपग्रहाखाली धातू कमीत कमी असेल असं काहीतरी हवं होतं. बैलगाडी लाकडाची, हवी तिथे नेता येते, हवी तशी वळवता येते. आणली. यात गरिबी कुठे आली? चाचणीला जे साधन योग्य होतं ते वापरलं. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, अशा निर्णयाला कुणी जुगाड म्हटलं असतं, तर त्याला आधी चाचणीचा कागद वाचायला बसवलं असतं. १९ जून १९८१ला एरियन रॉकेटने फ्रेंच गयानातल्या कुरूहून 'ॲपल' वर गेला. त्याचं एक सौरपॅनेल उघडलंच नाही, तरीही लोकांनी तो सव्वादोन वर्षं चालवला.

सायकलच्या फोटोची गोष्ट वेगळी. तो थुंब्याचा, साठच्या दशकातला. तिथे खरंच काही नव्हतं. तिरुवनंतपुरमजवळ मच्छीमारांचं गाव, नारळाची झाडं, सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च आणि शेजारी बिशपचं घर. गावाचं महत्त्व एवढंच, की पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं आणि त्याच्या वरच्या वातावरणात विजेचे प्रवाह वाहतात. ते अभ्यासायला जगभरच्या शास्त्रज्ञांना अशी जागा हवी होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी चर्चची इमारत देऊ केली आणि प्रार्थनेच्या जागी प्रयोगशाळा आली. २१ नोव्हेंबर १९६३च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, नायकी-अपाची नावाचं. आतलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं. आपली होती ती जमीन, माणसं आणि हिंमत. ते अवकाशात काही स्थिरावलं वगैरे नाही, वर जाऊन खाली आलं. पण मावळतीच्या आकाशात नारिंगी ढग उमटला. बरोबर चार वर्षांनी, १९६७च्या नोव्हेंबरात, ७५ मिलिमीटर व्यासाचं स्वतःचं रोहिणी रॉकेट उडालं. पंचाहत्तर मिलिमीटर म्हणजे मुठीत मावेल न मावेल एवढं. त्या काळातल्या असल्या छोट्या रॉकेटचं टोक सायकलच्या कॅरिअरवरून नेलं तर काय बिघडलं?

कागदोपत्री इतिहास मी भरभर सांगतो, तो कुठेही मिळेल. १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याच्या पंखाखाली विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेत एक समिती नेमली गेली. तिच्यातून १५ ऑगस्ट १९६९ला इस्रो जन्मली. ३० डिसेंबर १९७१ला साराभाई कोवळमला अचानक गेले, वय ५२. पुढच्या वर्षी अवकाश आयोग आणि स्वतंत्र अवकाश विभाग झाला, सतीश धवन अध्यक्ष झाले आणि १९८४पर्यंत राहिले. ही तारखांची माळ झाली. इस्रोचा स्वभाव कळायचा तर तिच्या यशांच्या यादीपेक्षा अपयशांची यादी वाचावी, असं माझं मत आहे. पण त्याआधी आमच्या शॉपमध्ये या, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पीएसएलव्ही हे उपग्रह वर नेणारं इस्रोचं नेहमीचं रॉकेट. त्याचा पहिला टप्पा, म्हणजे सुटताना पेटणारा खालचा भाग, घन इंधनाचा. २.८ मीटर व्यास, सुमारे २० मीटर लांबी, पाच तुकड्यांत केलेला. आत जवळजवळ १३८ टन इंधन. हे इंधन हाताला खोडरबरासारखं लागतं. अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची भुकटी एका रबरी चिकट द्रवात कालवून आवरणात ओततात आणि उष्णतेत कित्येक दिवस मुरू देतात. मधोमध आरपार पोकळी ठेवलेली असते. एकदा पेटलं की आतून बाहेर जळत जातं आणि पावणेदोन मिनिटांत सगळं संपतं. विझवायची सोय नाही. त्या वेळात आतला दाब आणि उष्णता पेलायचं काम पोलादी आवरणाचं. त्याची जाडी जेमतेम ८ मिलिमीटर, म्हणजे साधारण तुमच्या करंगळीपेक्षा कमी.

इथेच साध्या कारखान्याचा आणि रॉकेटचा रस्ता वेगळा होतो. गावच्या साखर कारखान्यातला बॉयलर तुम्ही पाहिला असेल. त्याला लागेल त्याच्या तीन-चार पट ताकद आधीच देऊन ठेवतात. जाड पत्रा, जड वजन, निर्धास्त झोप. रॉकेटला तशी चैन परवडत नाही, कारण तेही वजन वर न्यायचं असतं. तिथे ताकद ठेवतात ती लागेल त्याच्या जेमतेम सव्वापट. म्हणून पोलादही साधं नसतं. मॅरेजिंग स्टील म्हणतात त्याला. त्यात १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम, कार्बन जवळपास नाहीच. ते हैदराबादच्या मिधानी या सरकारी मिश्रधातू कारखान्यात तयार होतं. त्याची प्लेट गोल वाकवायची, वेल्ड करायची आणि मग भट्टीत ४८० अंशांच्या आसपास तापवून मुरवायची, तेव्हा कुठे त्याची खरी ताकद येते. आणि त्या सगळ्या ताकदीत सर्वांत कच्चा दुवा कोणता? वेल्ड. म्हणजे माझं खातं.

एक प्रसंग सांगतो. ऑगस्ट महिना, बाहेर झड लागलेली. एका तुकड्याच्या उभ्या वेल्डची एक्स-रे फिल्म मी दिव्यावर धरली आणि तीन ठिपके दिसले. पोरोसिटी. वेल्डमध्ये अडकलेले वायूचे बुडबुडे, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. वेल्डर होता आमचा सर्वांत जुना माणूस. सगळं शॉप त्याला अण्णा म्हणायचं. वेल्डिंगच्या आधी तो ॲसिटोनने कड पुसायचा तो इतक्या निगुतीने, की देव पुसतोय असं वाटावं. तारखेचं दडपण होतं. वरच्या साहेबांनी सुचवलं, तेवढं खोदून पुन्हा भरा आणि पुढे ढकला. आमच्याकडे बसणारा इस्रोचा निरीक्षक तिशीचा पोरगा होता. तो म्हणाला, "दुरुस्ती करू या, पण आधी मला हे ठिपके आले कुठून ते कळलं पाहिजे." चार दिवस काम बंद. अण्णांनी घेतलेला प्रत्येक अँपिअर तपासला, गॅसच्या बाटल्या तपासल्या, हातमोजे तपासले. पाचव्या दिवशी सापडलं. आर्गॉन गॅसची नळी महिन्यापूर्वी बदलली होती, आणि स्टोअरने त्याच मापाची साध्या रबराची नळी दिली होती. तसलं रबर पावसाळी हवेतली ओल शोषतं. ती ओल गॅसबरोबर वेल्डमध्ये जायची.

त्रुटीचा अहवाल मी लिहिला. साहेबांचा आग्रह होता की स्टोअरमधल्या माणसाचं नाव टाका. निरीक्षकाने छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, दुसऱ्या कुठल्या मालाला हीच बाधा असू शकते का, असे रकाने होते. "कोणी केलं" हा रकाना नव्हता. शेवटच्या रकान्यामुळे आम्हाला त्या महिन्यातले सगळे वेल्ड पुन्हा बघावे लागले. त्या नळीचं वर्णन पुढे खरेदीच्या कागदात कायमचं शिरलं. अण्णा निवृत्त झाले तरी ती ओळ तिथे होती.

शेवटची परीक्षा पाण्याची. आवरणात काठोकाठ पाणी भरायचं आणि उड्डाणात येईल त्याहून थोडा जास्त दाब द्यायचा. हवा न वापरता पाणी अशासाठी, की फुटलंच तर पाणी सांडेल, हवा मात्र छप्पर घेऊन जाईल. पोलादावर ठिकठिकाणी सेन्सर चिकटवलेले असतात. आत कुठे चीर सरकली तर तिचा आवाज कानाला ऐकू येत नाही, सेन्सरला येतो. दाब चढत असताना शॉपमध्ये कुणी बोलत नसे. स्क्रीनवर ठिपके विरळ पडत राहिले की सुटकेचा श्वास.

आता अपयशांकडे.

१० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोट्याहून भारताचं पहिलं उपग्रहवाहक रॉकेट एसएलव्ही-३ उडालं. २२ मीटर उंच, १७ टन वजनाचं. प्रकल्पप्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम. पहिला टप्पा ठीक चालला, दुसऱ्याचं नियंत्रण गेलं आणि ३१७ सेकंदांनी सगळं बंगालच्या उपसागरात. चौकशीत निघालं काय, तर दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह नीट मिटला नव्हता. त्यामुळे नायट्रिक आम्ल उड्डाणाआधीच गळून गेलं होतं. गरज पडली तेव्हा टाकी रिकामी. त्या दिवशी पत्रकारांसमोर धवन स्वतः बसले आणि जबाबदारी आपली म्हणाले. १८ जुलै १९८०ला तेच रॉकेट यशस्वी झालं, ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा पत्रकारांपुढे त्यांनी कलामांना पाठवलं. ही गोष्ट कलामांनी पुढे अनेकदा सांगितली आणि आता ती प्रेरणादायी भाषणांत झिजून गुळगुळीत झाली आहे. मला ती आठवते ती फॉर्मच्या त्या न छापलेल्या रकान्यामुळे.

त्यापुढचं रॉकेट एएसएलव्ही १९८७ आणि १९८८ असं लागोपाठ दोनदा पडलं. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण, २० सप्टेंबर १९९३, तेही पडलं. मुख्य मोटरी सगळ्या व्यवस्थित चालल्या होत्या. टप्पे सुटे होताना धक्का बसला, तो सावरायला संगणकाने दिलेला आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, आणि प्रोग्रॅममध्ये त्या परिस्थितीचा विचारच झालेला नव्हता. ते दुरुस्त करून १५ ऑक्टोबर १९९४ला पुन्हा उडवलं. त्यानंतर त्या रॉकेटने कितीतरी वर्षं इतकं गुमान काम केलं, की उड्डाणाची बातमी पेपरात आतल्या पानावर जाऊ लागली. १५ फेब्रुवारी २०१७ला एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडले, तेही त्यानेच.

क्रायोजेनिकची कथा याहून लांबट. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३चा द्रव ऑक्सिजन वापरणारं इंजिन. जड उपग्रह उंच न्यायचे तर हे लागतंच. १९९१मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत रशियाच्या ग्लावकॉसमॉस या सरकारी अवकाश संस्थेशी तंत्रज्ञानासकट करार झाला. १९९२मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले आणि १९९३मध्ये रशियाने तंत्रज्ञान देणं थांबवलं, तयार इंजिनं तेवढी द्यायचं कबूल केलं. स्वतःचं इंजिन करायला घेतलं. एप्रिल २०१०मध्ये त्याचं पहिलं उड्डाण फसलं. ऑगस्ट २०१३मध्ये उलटगणती चालू असताना दुसऱ्या टप्प्यात इंधनगळती दिसली आणि उड्डाण थांबवलं. ५ जानेवारी २०१४ला जमलं. करारापासून मोजलं तर २२-२३ वर्षं. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला जो मुलगा त्या कामावर रुजू झाला असेल, त्याचे केस पिकले तेव्हा ते इंजिन चाललं. याला जुगाड म्हणतात का?

चांद्रयान तर ताजंच आहे. सप्टेंबर २०१९मध्ये दुसऱ्या चांद्रयानाचा विक्रम लँडर आपटला. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त भरला, चुका साठत गेल्या, त्या सुधारायला यानाला जेवढं झटकन वळायला हवं होतं तेवढं वळायची मुभा प्रोग्रॅममध्ये नव्हती, आणि उतरायची जागा ठरवली होती फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर. तिसऱ्या वेळी जागा वाढवून साधारण ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग मोजायला लेझरचं नवं उपकरण बसवलं. तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी सांगितलं होतं की या वेळी विचार उलट बाजूने केला, काय काय बिघडू शकतं त्याची यादी आधी केली. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ते उतरलं. आम्ही निवृत्त मंडळी एका मित्राकडे जमलो होतो. खरं सांगतो, उतरलं तेव्हा टाळ्यांआधी मी त्याच्या भाच्याला विचारलं, पाय किती वाकले ते दाखवतायत का.

आता स्वस्ताईचं. मंगळयानाला सुमारे ४५० कोटी लागले आणि रिक्षाच्या भाड्यापेक्षा मंगळ स्वस्त, असे हिशेब लोकांनी मांडले. स्वस्ताईची कारणं साधी आहेत आणि ती सगळीच अभिमानाची नाहीत. पहिलं कारण पगार. आपल्या इंजिनिअरचा पगार अमेरिकेतल्या इंजिनिअरच्या काही हिश्शांत भागतो. दुसरं, एकदा केलेली वस्तू पुन्हा पुन्हा वापरणं. विकास नावाचं द्रव इंधनाचं इंजिन सत्तरच्या दशकात फ्रेंचांबरोबरच्या करारातून आलं. आपल्या माणसांनी तिकडे जाऊन त्यांच्या व्हायकिंग इंजिनावर काम केलं आणि मोबदल्यात ज्ञान घेतलं. तेच इंजिन सुधारत सुधारत पीएसएलव्हीत, जड उपग्रह नेणाऱ्या जीएसएलव्हीत आणि चांद्रयान नेणाऱ्या एलव्हीएम-३मध्येही आहे. ते बनतं कुठे म्हणाल, तर गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात. मोटरींची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरलाही होतात. एसटीने त्या रस्त्याने गेलेल्या किती जणांना हे माहीत असेल?

तिसरं कारण म्हणजे वेळ देऊन पैसा वाचवणं. ५ नोव्हेंबर २०१३ला मंगळयान निघालं ते पीएसएलव्हीवरून, आणि त्या रॉकेटमध्ये १,३३७ किलोचं यान थेट मंगळाकडे फेकायची ताकद नाही. म्हणून यान पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत राहिलं आणि स्वतःच्या छोट्या इंजिनाने दर खेपेला कक्षा ताणत गेलं. सुमारे साडेतीन आठवड्यांनी ते पृथ्वीला सोडून निघालं. पाळण्याला झोके देत देत उंच न्यावं, तसं. मग ते इंजिन जवळजवळ ३०० दिवस बंद राहून २४ सप्टेंबर २०१४ला मंगळापाशी पुन्हा पेटायला हवं होतं. माझ्या मते त्या मोहिमेतलं सर्वांत अवघड काम हेच. दोन दिवस आधी ४ सेकंद पेटवून बघितलं तेव्हा कुठे धीर आला. चौथं कारण फारसं कुणी बोलत नाही. त्या यानावर शास्त्रीय उपकरणं १५ किलोच्या आसपासच होती. त्याच आठवड्यात मंगळावर पोचलेल्या अमेरिकेच्या मेव्हन यानाचा खर्च कित्येक पट होता, पण त्याची उपकरणंही कित्येक पट होती. स्वस्त गाडी घेतली तर डिकी लहान असणारच. मंगळयान सहा महिन्यांसाठी पाठवलं आणि २०२२पर्यंत चाललं, हे मात्र निखळ कौतुकाचं.

अवकाश विभागाचा वार्षिक खर्च सध्या १३ हजार कोटींच्या घरात आहे. तुम्ही विचारलंत, उपयोग काय. चंद्राचा उपयोग मी सांगायला जाणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण इस्रोचं बहुतेक काम चंद्राकडे पाठ करूनच चालतं. १९७०मध्ये केरळात नारळाच्या झाडांना मुळांचा रोग लागला होता. पी. आर. पिशारोटींनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण टिपणाऱ्या फिल्मवर, फोटो घेतले. डोळ्यांना हिरवीगार दिसणारी झाडं फिल्मवर आजारी दिसत होती. भारतातला दूरसंवेदनाचा, म्हणजे वरून फोटो घेऊन जमीन वाचण्याचा, श्रीगणेशा तो. हे पिशारोटी म्हणजे आपल्या पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. पुढे १७ मार्च १९८८ला आयआरएस-१ए हा उपग्रह सोव्हिएत संघातल्या बैकोनूर तळावरून गेला आणि वरून शेतं, पडीक जमिनी, तलाव मोजायचं काम घरचं झालं. त्याच वर्षी नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र निघालं.

दूरदर्शनचं उदाहरण तर त्या उपग्रहाहून जुनं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, पूर्ण एक वर्ष, अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. महाराष्ट्र त्यात नव्हता. छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटरची डिश. वीज नसलेल्या गावांत बॅटरीवर संच. शेती, आरोग्य, मुलांची शाळा असे कार्यक्रम. या प्रयोगाची धुरा होती कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांकडे. साराभाईंच्या अगदी जवळच्या माणसांतले ते. श्रीहरिकोट्याची जागा शोधण्यातही त्यांचा मोठा वाटा. शंभरी पूर्ण करून ऑक्टोबर २०२५मध्ये ते पुण्यात गेले. मराठी पेपरांनी दिली तेवढ्याहून मोठी जागा त्यांना द्यायला हवी होती, असं मला वाटतं. घन इंधनाचा पाया घालणारे वसंत गोवारीकर पुण्याचे. विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले आणि पुढे मान्सूनच्या अंदाजाचं १६ घटकांचं गणित बसवणाऱ्यांत तेच होते. प्रमोद काळेही पुण्यात जन्मलेले, थुंब्याच्या पहिल्या तुकडीतले. आपल्याकडे ही नावं कमी घेतली जातात.

आणि चक्रीवादळं. ऑक्टोबर १९९९च्या ओडिशातल्या महावादळात सुमारे १० हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०१३मध्ये जवळपास त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, तेव्हा मृतांचा आकडा काही डझनांत राहिला, कारण लाखो लोकांना आधीच हलवलं होतं. सगळं श्रेय उपग्रहाला देणं चूक ठरेल. हवामान खातं, निवारे, गावोगाव फिरलेले सरकारी कर्मचारी यांचं ते काम. पण वादळ कुठे आहे हेच माहीत नसेल तर बस कुठल्या गावाला पाठवणार? आपल्या कोकणातही नाखव्यांना मासळी कुठे लागेल याची जी सूचना मिळते, ती समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग उपग्रहाने बघून हैदराबादच्या सागरी माहिती केंद्रातून निघते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, मी विचारलं होतं, खरंच उपयोग होतो का. तो म्हणाला, "दर्यात मासा कुठं हाय त्ये आमाला बी कळतं, पन डिझेल वाचतं."

सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. १८ मे २०२५ला पीएसएलव्हीचं उड्डाण फसलं. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे घन इंधनाच्याच मोटरीत, दाब घसरला. माझ्यासारख्याला ती बातमी घरातल्या आजारपणासारखी लागते. अशा वेळी चौकशी समितीचा अहवाल लोकांपुढे यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एसएलव्हीचा व्हॉल्व्ह आणि पीएसएलव्हीचा प्रोग्रॅम आज मी तुम्हाला सांगू शकतो, ते कुणीतरी उघडपणे सांगितलं म्हणूनच. आता रॉकेट बनवायचं काम हळूहळू कारखान्यांकडे चाललंय. पाच पीएसएलव्हींचं कंत्राट हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि एल अँड टी यांना मिळालंय, छोट्या एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे जातंय. चांगलंच आहे. पण कारखान्यात तारखेचं दडपण कसं असतं ते मी पाहिलंय. तिथे तो तिशीचा निरीक्षक बसलेला हवा, आणि त्याला "थांबा" म्हणायचा अधिकार हवा.

राहिला भाचा. त्याला सांगा, रस्ते दोन-तीन आहेत. तिरुवनंतपुरमला अवकाश विभागाची स्वतःची संस्था आहे, २००७मध्ये सुरू झालेली. तिथल्या बी.टेकला जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश मिळतो. नाही जमलं तर कुठल्याही बऱ्या कॉलेजातून इंजिनिअरिंग करून इस्रोची भरती परीक्षा देता येते. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरला जागा जास्त निघतात. आणि अभ्यासात फार रस नसेल पण हात चांगला असेल, तर आयटीआय करूनही तिथे तंत्रज्ञ म्हणून जाता येतं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक अशा ट्रेडच्या जाहिराती निघत असतात. जाहिरात इस्रोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघायची, पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागायचं नाही. त्याच्या सुट्टीत त्याला एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात पंधरा दिवस बसवा. हाताने शिवण घालून बघू दे, मग ती ग्राइंडरने कापून आत काय निघतं तेही बघू दे. ठिपके दिसले आणि ते आले कुठून असं त्याने स्वतःहून विचारलं, तर मला कळवा.